पत्र्याच्या पडवीतले पंचवीस फूट

संशोधनाचा पेपर जर्नलकडे चार वाजेपर्यंत पाठवायचा होता, आणि डॉ. नमिता घरतला एका जागी बसवत नव्हतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरच्या संशोधनात तिची अकरा वर्षं गेली होती. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. मेंदूचे निरोप वाटेतच अडखळतात आणि पाय ऐकेनासे होतात. आता एका गोळीने एकसष्ट रुग्णांची चाल सुधारली होती. आकडे तीनदा तपासून झाले होते. तरी ती उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा फाइल उघडायची.

"मॅडम, रणजीत शेवाळे आलेत," तिची सहायक प्रिया म्हणाली. "त्यांना फिटनेसचा कागद पाहिजे."

रणजीत वाशीच्या कांदा बाजारातला माथाडी, मूळचा कोरेगावकडचा. पायांनी दगा दिला तेव्हा टोळीने त्याला बाजूला केलं होतं. गेल्या वर्षी, गोळी सुरू होण्याआधी, पंचवीस फूट चालायला त्याला अकरा सेकंद लागले होते. आज तो फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवरून चालला, प्रियाने घड्याळ दाबलं. साडेसात.

"बघा, घोडा पळाला! द्या कागद, मुकादमाच्या नाकावर मारतो."

नमिताने पेन उघडलं. "गोणी उचलून बघितलीत का?"

"परवा उचलली. दहा पावलांत बसलो." तो ओशाळला. "सवय मोडली हो. हितं गारव्यात बगा कसं झ्याक चालतंय!"

पेन तिथेच थांबलं. उकाड्याने या रुग्णांचे मज्जातंतू आणखी मंदावतात, हे ती दरवर्षी विद्यार्थ्यांकडून घोकून घेत आली होती.

"प्रिया, गोळी सुरू करण्याआधी सगळ्यांना कुठे चालवलं आपण?"

"जुन्या ओपीडीत. पत्र्याच्या पडवीत. एप्रिल-मेमध्ये."

"आणि नंतर?"

"इथं. एसीत."

तुलनेला बिनगोळीचा गट नव्हता. पैशांअभावी नमितानेच तो वगळला होता.

तिघं पडवीत गेली. मेचं ऊन पत्र्यावर तापत होतं. प्रियाने टेपने अंतर मोजून खडूने रेघा मारल्या. रणजीतला वीस मिनिटं तिथेच बसवलं, मग चालायला सांगितलं. निम्म्या वाटेत त्याचा डावा पाय घासायला लागला.

"अकरा पॉइंट दोन," प्रिया हळूच म्हणाली.

रणजीत भिंतीला धरून उभा राहिला. "म्हंजे गोळीचा गुणच न्हाई?"

"माहीत नाही. आणि माहीत आहे असं मी लिहून बसलेय."

"मग नापास कोण, मी का तुमी?"

"मी."

"आन् कागद मात्र मला न्हाई!" तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

"ओझ्याचा नाही देता येणार. वजनकाट्याशी बसून गोण्यांचं वजन लिहायचं काम मिळेल? त्यासाठी पत्र देते."

"माथाड्यानं बसून खायचं?" तो पुटपुटला. मग घाम पुसत म्हणाला, "लिवा. बगू मुकादम काय म्हंतोय."

चार वाजून गेले. पेपर गेला नाही. नमिता खोलीत येरझारा घालत एकसष्ट रुग्णांच्या यादीतले नंबर फिरवत होती. पहिला फोन उरणच्या मीनाताईंनी घेतला.

"परत चालायचं? पन मी बरी हाय ना, डाक्टर? तुमीच तर बोललेलं."

"हो, मीच बोलले होते," नमिता म्हणाली. "घाईने बोलले. सोमवारी याल?"