नानांच्या नावाचा बाकडा

मी नवागामच्या एका गल्लीच्या तोंडाशी बसलेला बाकडा बोलतोय. बसलेला म्हणतोय खरा, पण मला बसता कुठं येतं? बसतात ते लोक. महाराष्ट्रात तुम्ही मला बाक म्हणाल, इथं सुरतेत मी बाकडा. अंगानं सिमेंटचा, पोटात लोखंडी सळया, आणि स्वभावानं थोडा मिजासखोर. मिजास का नसावी? माझ्या पाठीवर आमदाराचं नाव होतं.

माझा जन्म पलसाण्याच्या रस्त्यालगतचा. साच्यात ओतलं, पाणी मारलं, उन्हात वाळवलं. माझ्यासोबतचे कुणी बागेत गेले, कुणी देवळापुढं, एकाच्या नशिबी स्मशान आलं. इकडं निवडून आलेला माणूस आपल्या ग्रँटमधून गल्लोगल्ली बाकडे बसवतो आणि त्यांच्या पाठीवर आपलं नाव रंगवून घेतो. माझ्या पाठीवर निळ्या रंगात गुजराती अक्षरं आली, 'धारासभ्य श्री शालिग्राम पाटील'. धारासभ्य म्हणजे आमदार. गल्लीतली खानदेशी माणसं मात्र त्यांना नानाच म्हणायची.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. समोरच्या घरातल्या कलाबाईनं मोठ्या हौसेनं मला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आणि मग कुणी माझ्यावर बसेचना! पूजा केलेल्या वस्तूवर बूड कसं टेकवायचं? बायका येता-जाता मला नमस्कार करायच्या आणि शेजारच्या पायरीवर बसून भाजी निवडायच्या. चांगला बसायचा बाकडा मी, माझा पार देव करून टाकला.

शेवटी नानांच्या कानावर गेलं. ते आले, हसले, चपला काढल्या.

"माय, मी बठस. पाप लागनं ते माले लागी," असं कलाबाईला म्हणाले आणि माझ्यावर चक्क मांडी घालून बसले.

त्यानंतर मला कुणी मोकळं सोडलं नाही. यंत्रमागावर रातपाळी करून आलेले लूमवाले माझ्यावर आडवे व्हायचे, बायका पापड वाळवायच्या. तंबाखूची पिंक टाकणारेही होते, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

सकाळी मात्र जागा नानांची. ते इथूनच मोठे झाले होते. बापाबरोबर पारोळ्याकडून आले, लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला लागले. गल्लीला पाणी येत नव्हतं म्हणून बायकांचे हंडे घेऊन महापालिकेत गेले. तिथून नगरसेवक, मग आमदार. हे सगळं त्यांनीच माझ्यावर बसून चहा पिताना लोकांना सांगितलं, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. कुणाला दवाखान्यात खाट हवी, कुणाच्या पोरीला शाळेत प्रवेश. नाना फोन लावायचे. काम व्हायचंच असं नाही, पण फोन लागायचा.

एकदा त्यांना विधानसभेत बोलायचं होतं. गुजराती चांगलं यायचं त्यांना, पण भाषण म्हटलं की जीभ पारोळ्याला पळायची. मग पहाटे गल्ली उठायच्या आत ते माझ्यासमोर उभे राहून सराव करायचे. "माननीय अध्यक्षश्री," असं मला म्हणायचे! मीही अध्यक्षांसारखा गप्प राहून ऐकायचो. पुढं पाण्याची मोठी लाइन मंजूर झाली. त्यात माझाही थोडा वाटा आहे असं मला वाटतं.

लोकांनी त्यांना पुन्हा एकदा निवडून दिलं. तिसऱ्या खेपेला तिकीट कापलं गेलं.

त्या दिवशी सकाळी फटाके आणून ठेवले होते, ते तसेच घरात गेले. गाड्या आटल्या, पांढरे कपडे घालून मागं फिरणारे दुसरीकडं फिरू लागले. नाना माझ्याकडं यायचेच थांबले. दूध आणायलासुद्धा मागच्या गल्लीनं जायचे. कुणी हाक मारली तर मान हलवायचे आणि पाय उचलायचे. मला वाईट वाटायचं. आमदारकी गेली ते एक वेळ ठीक, पण त्यांची गल्लीच सुटत चालली होती.

मग नवे आमदार निवडून आले आणि योगेंद्र पेंटर डबा घेऊन हजर झाला. त्यानं नानांच्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. नेमके तेव्हाच नाना समोरून आले. योगेंद्रचा ब्रश हवेतच राहिला.

"लिख भो, अक्षर बेस काढ," नाना म्हणाले.

दारातून कलाबाई ओरडली, "बठ ना रे नाना!"

"दुसरानं नाव शे आते. मी कसाले बठू?"

आणि ते निघून गेले. वेडाच माणूस. अहो, नाव पाठीवर असतं, बसायचं तर मांडीवर!

श्रावण आला. खानदेशच्या देवीचा, कानबाईचा रविवार. आमच्या खानदेशी लोकांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू काढतात आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात. ते रोट कुळातल्याच माणसांनी खायचे आणि संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. नाना आमदार असताना घरोघरी कानबाईच्या दर्शनाला जायचे. हार, शाल, नारळ सगळं मिळायचं, रोट कधी नाही. त्यांच्या कुळाची कानबाई गावी बसते. यंदा ते तिकडंही गेले नव्हते. तिकीट कापलेलं तोंड भाऊबंदांना काय दाखवायचं, म्हणून.

संध्याकाळी कलाबाईचा मुलगा कुंदन मागच्या गल्लीतून त्यांना हाताला धरून घेऊन आला. नाना माझ्यापाशी येऊन थबकले. दारात कलाबाई उभी होती.

"नाना, चाल घरमा. रोट खावाले."

"माय, रोट ते घरनाज मानसे खातस."

"म्हनीसन ते बलावस. तुना नावनी मूठ काढेल शे. नही उना ते रोट उरी. उरेल रोटनं काय करू मी?"

 नाना एकदम माझ्यावर बसले. किती दिवसांनी! नव्या नावाला पाठ टेकून ते डोळे पुसत राहिले. मग चपला माझ्याखाली सरकवल्या आणि अनवाणी आत गेले.

आता ते रोज येतात. फोन लावतात, तिकडून उचलतातच असं नाही. मी म्हातारा झालोय, कोपरा फुटून सळई दिसते. माझ्या पाठीवर तुम्ही खुशाल कुणाचंही नाव लिहा. एवढंच मागणं आहे, ज्याचं नाव पुसाल त्याला घरात बोलवायला विसरू नका. तो आतून जेवून येईपर्यंत त्याच्या चपला मी सांभाळतो.