निळ्याच्या खाली

विहिरीमागच्या राखेच्या ढिगाला मुंग्या लागलेल्या पाहून गिरिजाबाई हातातली कळशी खाली ठेवून तिथेच बसल्या. घरातली मांजरी रोज त्या ढिगावर लघवीला जात असे. सहा वर्षांपूर्वी अशाच मुंग्या मोरीला लागल्या होत्या, आणि वर्षभरात त्यांची एकुलती एक मुलगी अंबुजा मधुमेहाने गेली होती. मांजरी तिचीच. दात घासायच्या राखुंडीचा रंग म्हणून तिनेच तिला राखुंडी म्हणायला सुरुवात केली होती.

गिरिजाबाईंचे यजमान दामोदरराव रंगारी होते. मैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरामागे रंगाची पिंपे जमिनीत पुरलेली होती. डब्यांतले विलायती रंग बाजारात आल्यापासून त्यातली निम्मी कोरडी पडली होती. त्यांचा पुतण्या बिंदुमाधव बंगळूरहून रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन आला होता आणि इथल्या कॉलेजात मुलांना प्रयोग दाखवीत असे. काकूंनी निरोप धाडला तसा तो परीक्षानळी, निळ्या द्रावणाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा घेऊन आला. नदीतले खडे धुऊन एका एनामलच्या ताटलीत पसरले, राखुंडीला त्यावर बसायची सवय लावली, आणि खाली साचलेल्या लघवीचे थेंब द्रावणात टाकून उकळले. साखर नसली तर द्रावण निळेच राहते. असली तर आधी हिरवे, मग पिवळे, नारिंगी, आणि फार असली तर विटेसारखे लाल होते.

दामोदररावांनी नळी उजेडाकडे धरली. "विटकरी," ते म्हणाले. "अंबूची पहिली नळी हीच."

अंबुजाच्या वेळी इन्सुलिन नव्हते. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी परदेशात ते माणसाला पहिल्यांदा टोचले गेले, आणि मैसुरात मिळू लागेपर्यंत आणखी काळ गेला. तोवर एकच उपाय होता, उपास. भात बंद, दूध बंद. कोबी तीनदा उकळून, तिन्ही वेळा पाणी ओतून, उरलेला चोथा द्यायचा. दामोदररावांनी फडताळाला कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली होती. मुलगी रात्री फडताळाची कडी हलवीत असे. पण नळीचा रंग उतरत गेला आणि एक दिवस निळा झाला. त्या दिवशी त्यांनी नळी गल्लीभर दाखवली होती. नंतर पंधरवड्यात ती गेली. तापाने गेली, असे ते सांगत. साखर तर आम्ही हटवली होती. कुलूप काढले गेले, पण गूळ-साखर त्या घरात परत आली नाही.

अंबुजाला पाहणारे डॉक्टर गुंडुराव यांच्याकडेच काका-पुतणे गेले. मांजरीला इन्सुलिन म्हटल्यावर ते आधी हसले. महाराजांच्या अरमन्यातल्या, राजवाड्यातल्या हत्तींनाही पाठवून द्या, म्हणाले. मग मांजरी कोणाची ते कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि नीट बोलायला लागले.

त्यांच्या मते मार्ग दोन होते. एक, थोडा ठरावीक डोस सकाळ-संध्याकाळ, आधी ठरावीक खाणे, आणि त्यात कधी बदल नाही. नळी हिरवी राहील, राहू द्यायची. दुसरा, रोज नळी पाहून डोस हळूहळू वाढवीत निळ्यापर्यंत न्यायचा. यात मांजरी जास्त धडधाकट होईल, पण धोकाही जास्त.

"धोका कसला?" दामोदररावांनी विचारले.

"अहो रायरे, रक्तात साखर नेमकी हवी तेवढी असली तरी नळी निळी, आणि जीव जाण्याइतकी कमी झाली तरी निळीच. निळ्याच्या खाली काय चाललंय ते ती सांगत नाही."

बिंदुमाधवला हे पुस्तकातून ठाऊक होते. तरी त्याला दुसराच मार्ग आवडला. मोजता येत असताना अंदाजावर का राहायचे, असे तो म्हणाला. गिरिजाबाईंना मार्गाशी कर्तव्य नव्हते, तिला उपाशी ठेवणार नसलात तर काहीही करा, एवढेच त्यांनी सांगितले होते. निर्णय दामोदररावांनी केला. अर्धवट उतरलेला रंग ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत, मग घरात कसा ठेवतील?

इन्सुलिनची कुपी माठाखालच्या ओल्या वाळूत राहू लागली. सुई टोचायला दामोदरराव स्वतःच शिकले. त्यांचा हात इतका हलका होता की राखुंडी मान वळवून पाहतही नसे. आठवड्या-आठवड्याने नळी विटकरीची नारिंगी झाली, मग हळदी, मग पोपटी. मांजरीच्या पाठीवर मांस चढले. एके सकाळी ती कापडछपाईच्या टेबलावर उडी मारून बसली, अंबुजा ठसे मारायची तेव्हा बसायची तशी, आणि त्याच दिवशी नळी निळी आली. बिंदुमाधवने बजावले, आता डोस वाढवायचा नाही; उलट थोडा कमी करू, मी बंगळूरहून आलो की बघू. आणि कामासाठी तो गेला.

दुसऱ्या सकाळी दामोदररावांना निळ्यात हिरव्याची एक झाक दिसली. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. तीस वर्षे त्यांनी अशा झाका पकडल्या होत्या, आणि त्यावर काय करायचे तेही त्यांचा हात जाणत होता. ओला रंग फसवा असतो. वाळला की फिका पडतो. म्हणून हवा तो रंग दिसल्यावरही रंगारी कापडाला एक बुडी जास्त देतो. त्यांनी पिचकारीत एक रेघ जास्त ओढली. संध्याकाळी नळी स्वच्छ निळी आली. उद्या झाक परत येऊ नये म्हणून पुढच्या सकाळीही त्यांनी तेवढाच डोस दिला.

दुपारी राखुंडी टेबलावरून उतरताना पडली. उठली ती मागचे पाय ओढीत, भिंतीला घासत चालली. गिरिजाबाईंनी दूध पुढे केले, तिने तोंड लावले नाही. मग तिचा जबडा थरथरू लागला.

"अहो, तिला गोड काहीतरी द्यायला हवं."

"साखर? तिला?" दामोदररावांनी ताटलीतून थेंब घेऊन नळी दिव्यावर धरली होती. "निळी आहे, गिरिजा. बघ तरी. सगळं बरोबर आहे."

गिरिजाबाईंनी नळी बघितली नाही. शेजारच्या तुंगाबाईंकडे त्या अनवाणी धावल्या. घरात साखर असती तर एवढा वेळ गेला नसता. मूठभर साखर घेऊन परतल्या, तेव्हा मांजरीला झटके येत होते आणि दामोदरराव तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले होते, नळी अजून हातात. गिरिजाबाईंनी बोट ओले करून साखरेत बुडवले आणि तिच्या हिरड्यांवर चोळले, पुन्हा पुन्हा, बोटाला दात लागले तरी. बऱ्याच वेळाने झटके थांबले.

राखुंडी जगली. पण संध्याकाळी ती उठून छपाईच्या टेबलाकडे निघाली आणि त्याच्या पायावर आदळली. मागे सरली, पुन्हा निघाली, पुन्हा तिथेच आदळली. गिरिजाबाईंनी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. ती पापणी हलवीना.

"अंबू गेली तेव्हाही नळी निळीच होती," गिरिजाबाई म्हणाल्या.

दामोदररावांनी नळी जमिनीवर आडवी ठेवली.

बिंदुमाधव परतला तो धावतच डॉक्टरांकडे गेला. गुंडुरावांनी पहिला मार्ग सांगितला, थोडा आणि कायमचा, आणि दृष्टी येईल की नाही ते मला सांगता येत नाही, म्हणाले. घरी येऊन त्याने काकांना हे ऐकवले. काकांनी मान हलवली. आता तू टोचत जा, म्हणाले.

पुढच्या नळीचा रंग हिरवट आला. बिंदुमाधवने ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी नेहमीसारखी उजेडाकडे नेली नाही, ओसरीच्या सावलीतच क्षणभर पाहिली.

"काकू विचारत होत्या," बिंदुमाधव हळूच म्हणाला, "अंबूच्या वेळी... डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का? निळ्याबद्दल?"

"सांगितलं होतं," दामोदरराव म्हणाले. "निळी झाली, आता थोडं खायला द्या, असं म्हणाले होते." त्यांनी नळी त्याच्या हातात परत दिली. "मी म्हटलं, रंग वाळू दे आधी. आणि कुलूप तसंच ठेवलं."

आत राखुंडी फडताळाच्या दारावर आपटली. गिरिजाबाई उठल्या, दार उघडले, आणि तिच्यासमोर वाटी ठेवून ती वास घेत येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.