वरच्या अंगाचं पाणी

हुलसूरजवळच्या आमच्या गावी ओढ्याला दोन अंगं होती. वरच्या अंगाला गाव पाणी भरायचं, खालच्या अंगाला आम्ही. गावाची भांडी-गुरं धुऊन, चुळा घेऊन आलेलं पाणी माझी आई सरुबाई अर्धा जन्म प्याली. पुढं नळ आले, ओढा आटला. अंगं आटली नाहीत.

हे मला सोनमर्गच्या ग्लेशियरवर कळलं. बिदरहून निघालेल्या टूरमध्ये आम्ही मायलेकी होतो, आणि आमच्याच गावचे, पण वरच्या अंगाचे अंकुशराव, त्यांची बायको राजूबाई.

घोड्यांवरून उतरलो. डोंगराच्या खोबणीत बर्फ पसरला होता, आमचं गाव दहादा मावेल एवढा, चिरांतून निळा. बर्फाच्या पायथ्यातून पाणी वाहत होतं. आई वाकली. ओंजळ भरली.

"सरू, जरा खाली हो की," अंकुशराव कॅन घेऊन आले. "तीर्थ भरायचंय."

रागानं नाही बोलले. सवयीनं. आणि आई उठली, हेच मला अजून जाळतं. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या बापाची लेक, मुकाट खाली जाऊन बसली.

"आई, कामून उठलीस?"

तिनं पुन्हा भरलेल्या ओंजळीकडं बघितलं. मग पाणी सांडून दिलं. "व्हय की. कामून उठले?"

काठी टेकत ती वर निघाली. अंकुशरावांच्याही वर. त्यांनी कॅन उचलला, तिच्या वर गेले. ती आणखी वर.

"थंडीनं येडी झालीत दोघंबी," राजूबाई खालून म्हणाल्या.

घोडेवाला ओरडला, "अम्मा, आगे मत जाओ, बर्फ टूटती है."

"हौ बेटा, थोडाच जाना है."

शेवटी बर्फाची भिंतच आली. तिच्या तळातून पाणी फुटत होतं. आई ओंजळीनं प्याली. सावकाश, पोटभर. तोंड धुतलं. मग भेगाळलेले दोन्ही पाय पाण्यात सोडून बसली.

अंकुशराव धापा टाकत पोचले. "सरू, सरक."

"कुठं सरकू, अण्णा? ह्याच्या वर जागा न्हाई."

त्यांनी वर बघितलं. वर नुसता बर्फ. रिकामा कॅन घेऊन उतरले. पार खाली गेले, घोडे पाण्यात उभे होते त्याच्याही खाली. तिथं कॅन भरला. तोच ओढा, तेच पाणी. फक्त आई तिथून दिसत नव्हती.

गावी आल्यावर अंकुशरावांनी ते तीर्थ म्हणून पळीपळीनं वाटलं. लोकांनी डोळ्यांना लावलं, प्याले. मी सांगायला उठले, तर आईनं हात धरला.

"बस खाली. पिऊ दे. मी न्हाई का प्याले त्यांचं?"