गार खोलीतला गोलू

हर्षिताची गोष्ट रावेरच्या बायकांच्या ग्रुपवर दर शनिवारी यायची आणि ऐन मोक्यावर थांबायची. या खेपेला तिने पाच वर्षांच्या गोलूला केळी पिकवायच्या गार खोलीत कोंडलं. बाहेरून कडी, आत काळोख, मजूर जेवायला गेलेले. बायकांनी लिहिलं, ‘घास उतरेना, बाई.’ ती दिवसभर हवेत होती.

खरं तर आधी तिने मुलगीच योजली होती, आपल्या जिनलएवढी. पण बोटं अडली. सासूबाई सांगायच्या, घरात अभद्र काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते. लेकीची साधी रिबीनसुद्धा त्या खोलीत जायला नको. मग गोलू आला. उलट्या पायांत चपला, खिशात चिंचोके, घाबरला की उचकी.

सोमवारी समोरची यास्मिन हर्षिताच्या साड्या फॉल लावून घेऊन आली. एरवी मुलाला, फैजला, जिनलपाशी सोडून ती बाजारात जायची. आज त्याचा हात धरून दारातच उभी राहिली.

“भाभी, गोष्ट वाचली. रात्रभर डोळा नाही लागला.”

हर्षिता खुशीत हसली. “अगं, तेच तर हवं असतं.”

“उचकी आमच्या फैजची ना?”

“नाव वेगळं आहे की.”

“नाव काय, कुणीही बदलतं.” यास्मिनने खाली पाहिलं. फैजच्या चपला आजही उलट्याच होत्या. “गोष्टीत जिनलचे पैंजण का नाही घातले, भाभी? छान वाजतात.”

टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. हर्षिताला मान वर करवेना.

“सुटतो गं तो. शनिवारी.”

“तोवर आतच?”

यास्मिन गेली. हर्षिताने फोन घेतला. गोलूच्या जागी मुलगी घालावी म्हणून ‘पैंजण’ टाइप केलं, आणि चटका बसल्यागत पुसलं. त्या पुसण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग तिने सरळ लिहिलं: गोलूची आई आली, तिने कडी काढली, त्याला कडेवर घेतलं. ग्रुपवर लगेच उमटलं, ‘एवढ्यात सुटला? मजाच गेली.’

तिने फोन बाजूला ठेवला. जिनलला घेऊन ती समोर गेली. यास्मिन मशीनवर बसली होती.

“निघाला तो बाहेर.”

“बरं झालं, भाभी.”

जिनलला पाहताच फैज दाराकडे धावला. मशीन थांबलं.

“इथंच खेळा, बेटा,” यास्मिन म्हणाली. “माझ्यासमोर.”