बिनकासोट्याचा गिरधर

"घागरा म्हन, पोतं म्हन, तुले जे म्हननं ते म्हन, पन शिवीसन दे!" गिरधर ओरडला, तसं धुडकू शिंप्याच्या मशीनचं चाक थांबलं.

नंदुरबारच्या बाजारात धुडकूचा ओटा होता. दोरीवर मारवाड्याच्या घरच्या सायरबाईंचे दोन घागरे शिवून टांगले होते. त्यांच्याकडे बोट दाखवत धुडकू म्हणाला, "भाऊ, बायासना घागरा मी डोया झाकीसन शिवस. पन माणूसनी कंबरनं माप लिधं, तं उद्या मन्हा ओटावर कोन चढी?"

गिरधरच्या कमरेला तेव्हाही घागराच होता. गुडघ्यापर्यंतचा, लोकरी, चौकटी-चौकटींचा. लढाईत तो सरकारच्या खेचरांच्या पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेला होता. तिथं गोळ्याचा तुकडा मांडीच्या आतल्या बाजूला घुसला. जखम भरली म्हणायची, पण वर कातडी आली ती कांद्याच्या पापुद्र्याइतकी. धोतराचा कासोटा घासला की रक्त आलंच. इस्पितळात शेजारच्या खाटेवर घागरे नेसून लढणाऱ्या गोऱ्यांच्या पलटणीतला एक शिपाई होता, त्यानं जाताना आपला घागरा याला देऊन टाकला. त्या पलटणीकडे बघून हसायची तिथं कुणाची छाती नव्हती. इथं मात्र दोन वर्षं गिरधर तो नेसून नांगर धरी, बाजार करी, आणि बाया पदर तोंडाला लावत, पुरुष "राम राम गिरधरबाई" म्हणत. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? आता लोकर विरली होती, आणि वैशाखात लोकर नेसणं म्हणजे कमरेला चूल बांधणं. त्याला साध्या मांजरपाटाचा घागरा हवा होता, तोही पाच दिवसांत. लेकीचं, कमलीचं, लग्न होतं. कन्यादानाला बापानं पाटावर बसायचं होतं.

धुडकू काही बधला नाही. गिरधर चरफडत घरी आला, तर रनाळ्याचे व्याही भीमसिंग खाटेवर बसलेले.

"याही, मन्हं एकच सांगनं शे," ते म्हणाले. "मांडवमा धोतर. नही तं कन्यादान तुमना भाऊ करी."

"पन मन्ही मांडी..."

"एक घडीनी बात शे, याही. आमना गावना लोके लगीन पाहाले येतीन, तमाशा नही."

मांडी उघडून दाखवावी असं गिरधरला फार वाटलं. पण मांडी दाखवून का कुणी लेक देतं? त्यानं घागरा गुडघ्यावर ओढून घेतला. व्याही गेले आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. तो बायकोवर, तुळशीबाईवर, तडकला.

"तू जाय धुडकूकडे. तुन्हासाठे घागरा शे म्हन. तुन्हं माप दे."

"मी? लुगडं सोडीसन मी कदी घागरा नेसनी का? पोरीले सासरे जाऊ द्या पह्यले. तुमनी लढाई मांडवमा नका आनू."

"लढाई काय मी आनी?" गिरधर म्हणाला.

लग्नाच्या दिवशी तो कोरं धोतर नेसून, कासोटा घालून पाटावर मांडी घालून बसला. भटजींना कसलीच घाई नव्हती. भीमसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आते कसा मानूस दिखी ऱ्हायना!" मांडव हसला. गिरधरलाही हसावं लागलं. त्याचा इतका संताप झाला होता, की पुढ्यातली पळी उचलून फेकावी असं वाटलं. पण कमलीचा हात त्याच्या ओंजळीत होता.

तो उठला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "धोतरवर कुंकू सांडनं वाटस."

"हा, कुंकूच शे," गिरधर म्हणाला. कमली रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते.

दुसऱ्या दिवशी तुळशीबाई ते धोतर घेऊन विहिरीवर गेली. तिनं ते चोळलं, आपटलं, पुन्हा चोळलं. डाग काही निघाला नाही. ओलं धोतर हातावर टाकून ती तिथून तडक धुडकूच्या ओट्यावर गेली. बाजाराचा दिवस होता, समोर ही गर्दी.

"धुडकूभाऊ, यानाच घागरा शिवा. गुडघाव्हरी."

"कोनासाठे, वैनी?"

"घरधनीसाठे." ती इतक्या मोठ्यानं बोलली, की समोरच्या दुकानातली माणसं वळून बघू लागली.

धुडकूनं धोतर पसरलं. डाग दिसला, तसा त्याचा हात थांबला. "माप?" त्यानं हळूच विचारलं.

तुळशीबाईनं कनवटीची सुतळी काढून पुढं केली. गिरधर झोपला होता तेव्हा तिनं ती त्याच्या कमरेभोवती फिरवून घेतली होती.

"वैनी, एवढा डाग कापी टाकू का?"

"नको. कपडा कमी पडी."

धुडकूनं सायरबाईंचे घागरे बाजूला सारले. चुण्या घालता घालता तो डाग त्यानं आतल्या चुणीत घेतला, आणि मशीनचं चाक फिरवलं. शिवताना तो कुणाकडे बघत बसला नाही. तुळशीबाई शिवून होईस्तोवर ओट्यावरच, भर बाजाराकडे तोंड करून बसली.