चौकातल्या संतांची दाढी

शिल्पकाराला संतांसाठी चेहरा हवा होता, तर मेल्याला अख्ख्या शहरात आमचेच हे सापडले. "तुमच्या चेहऱ्यात माया आहे," म्हणाला. झालं, यांना अस्मान ठेंगणं! भट्टी माझ्या गळ्यात टाकून रोज त्याच्यासमोर दाढी कुरवाळत बसायचे.

तर शहराचे रक्षक संत आमच्या बेकरीसमोर चौकात उभे राहिले, ते यांचा चेहरा घेऊन. लोक पुतळ्याच्या पायांना हात लावायचे आणि पाव घ्यायला येऊन यांच्याही. आधी थट्टेत. मग थट्टा संपली. आजारी पोरं यांच्या मांडीवर ठेवायला लागले.

"नाही कसं म्हणू गं? त्यांना बरं वाटतं."

"त्यांना डोंबल! बरं तुम्हाला वाटतंय."

मग शहरात तापाची साथ आली. पोरं दगावायला लागली. एका सकाळी पुतळ्याच्या तोंडाला काळं फासलेलं दिसलं. पुढे कुणीतरी नाक फोडलं. आमचा पाव कुणी घेईना, पण समोरच्या फुटपाथवर माणसं यांच्याकडे टक लावून उभी राहायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांच्यात शेजारची शिंपीण असायची. तिचा थोरला गेला होता; त्याच्या डोक्यावर यांनीच हात ठेवला होता. धाकटा आता तापानं फणफणत होता. तिला पाहिलं की मी यांना आत भट्टीकडे पिटाळायचे.

"अहो, ती दाढी काढा."

"लोक काय म्हणतील?"

"आज पुतळा फोडला, उद्या तुम्हाला फोडतील! मला माझा माणूस जिवंत हवाय, कळतंय का?"

मी रडायलाच लागले, तेव्हा कुठे हे स्टुलावर बसले. भट्टीमागे मीच वस्तरा चालवला. दाढीखालून हनुवटीवरची ती खळी निघाली. लग्नात पाहिलेला माझा पाववाला परत मिळाला. किती दिवसांनी हायसं वाटलं मला.

तेवढ्यात शटरवर थाप पडली. "दादा, उघडा ना," शिंपिणीचा आवाज. "पोराच्या डोक्यावर एकदा हात ठेवा."

"जाऊ नका," मी म्हटलं. पण यांना कधी कुणाला नाही म्हणता आलंय? कानाला फेस तसाच, आणि यांनी शटर वर केलं.

शिंपिणीच्या खांद्यावर पोर होतं. मागे सगळा चौक हात जोडून उभा होता. पुतळ्याचं तोंड धुतलेलं, नाकावर ओलं सिमेंट. अरे देवा, हे तर माफी मागायला आले होते!

शिंपिणीनं यांच्या हनुवटीकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"बाबा चालले," ती पुटपुटली. मग किंचाळली, "बाबांनी रूप टाकलं! आपल्याला टाकून चालले!"

जोडलेले हात एकेक करून सुटले.

"अहो, आत या!" मी यांना मागे खेचलं आणि शटर ओढलं. ते अर्ध्यावर अडकलं. बाहेरून कुणीतरी धरून ठेवलं होतं.