उखा-मंदाची लारी

मित्रांनो, सुरतेत हातगाडीला लारी म्हणतात. तशी मी सुरतेतल्या उधना भागातली एक जुनी लारी आहे. माझ्या फळ्यांना भेगा पडल्या आहेत आणि पुढचं एक चाक चालताना कुरकुरतं. पण आज माझ्यावर केळ्यांचे घड आहेत आणि मी सुखात आहे. हे सुख सहजासहजी आलं नाही. ते कसं आलं, ते ऐका.

पांडुरंग सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. मला न्यायला अमळनेरकडचा उखा आला. सोबत त्याची नवी नवरी मंदा होती. तिने माझ्या दांड्याला हळदकुंकू लावलं.

मग कामाची वर्षं सुरू झाली. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, विणलेल्या कापडाचे ताके भरून उखा मला बाजारात न्यायचा. "उखाची लारी आली म्हणजे माल वेळेवर पोचला," असं शेठ म्हणायचे, तेव्हा माझी छाती फुगायची. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा अख्खी वस्ती गावाकडे पळाली. त्यांची गाठोडी मीच स्टेशनवर वाहिली.

ओझ्याने उखाची पाठ मात्र धरली. त्याच्या गावचा आनंदा लूमवर काम करायचा. तो म्हणाला, "एक इंजेक्शन घे, दुखणं कुठल्या कुठं जाईल." आधी दुखतं म्हणून, मग दुखत नसतानाही उखा ते घेऊ लागला. रुळांपलीकडच्या पडक्या भिंतीआड काही जण जमायचे. सुई एकच असायची. ती या हातातून त्या हातात जायची. मी शेजारी उभी असायची. त्या सुईतून एकाच्या रक्तातलं दुसऱ्याच्या रक्तात काय जात होतं, हे मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नाही.

उखाचं काम सुटलं. माझी चाकं गंजली. घरात मंदा मार खाऊ लागली. एका सकाळी तिचा डोळा सुजलेला होता, आणि उखा मला विकायला गिऱ्हाईक घेऊन आला. मंदा सरळ माझ्यावर चढून बसली.

"ही विकायची नाही," ती म्हणाली.

उखाने तिला सगळ्यांसमोर मारलं. ती उतरली नाही. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "झगडावाळी लारी मारे नथी जोईती," आणि भांडणाची लारी नको म्हणून निघून गेलं. त्याच दिवशी मंदा बारडोलीला भावाकडे गेली. जाताना तिने माझ्या फळीवरून हात फिरवला. उखाकडे पाहिलंही नाही.

पुढे एका दुपारी भिंतीआड, माझ्या शेजारीच, नशेच्या वाट्यावरून भांडण पेटलं. कुणीतरी आनंदाच्या मांडीवर पातं ओढलं. रक्त पाहताच सगळे पळाले. उखाही रुळांपर्यंत पळाला.

"उखा, माले सोडीसन जाऊ नको!" आनंदा ओरडला.

उखा थांबला, माघारी आला. अंगातला सदरा काढून त्याने जखम आवळली, आनंदाला माझ्यावर निजवलं आणि मला ओढायला लागला. वाटेत लोक बघून बाजूला होत होते. दवाखान्याच्या फाटकावर शिपायाने विचारलं, "कोण लागतो तुझा?"

"मन्हा भाऊ शे," उखा म्हणाला.

आनंदा वाचला. डॉक्टरांनी समजावून दोघांचं रक्त तपासलं. दोघांनाही एच.आय.व्ही. होता. उखा बाहेर येऊन माझ्या दांड्याला टेकला. मग तो बारडोलीला गेला. मंदाच्या दारात उभं राहून तो म्हणाला, "मला घरात घेऊ नको. पण तू एकदा रक्त तपासून घे."

मंदा आली. तिच्या रक्तात काही निघालं नाही. काही महिन्यांनी परत तपासलं, तेव्हाही नाही. त्या दिवशी माझ्यावर बसून ती पोटभर रडली. मग डोळे पुसून उखाला म्हणाली, "नशा सुटेपर्यंत दवाखाना सोडायचा नाही. आणि हात परत उचललास, तर लारी घेऊन मी बारडोलीला जाईन."

नशा सोडणं सोपं नव्हतं. एकदा उखा पुन्हा भिंतीआड गेला. मंदाने शिव्या दिल्या नाहीत. त्याला परत दवाखान्यात नेऊन बसवलं. हळूहळू तो सावरला. हात मात्र त्याने पुन्हा कधी उचलला नाही. मग माझ्यावर केळी आली. आनंदा लंगडत शेजारी उभा राहायचा, "मीठा केळा!" म्हणून ओरडायचा.

पण वस्तीत उखाच्या आजाराची बातमी पसरली होती. कुणी घेईना, केळी माझ्यावर काळी पडू लागली. शेजारच्या शोभाबाईने तर मंदाला नळावर पाणी भरताना अडवलं.

"डॉक्टर म्हणाले, शिवल्याने होत नाही, सोबत जेवल्यानेही होत नाही," मंदा म्हणाली.

"डॉक्टरांना काय जातंय!" शोभाबाईने आपली बादली पुढे सरकवली.

नंतर एका संध्याकाळी हीच शोभाबाई माझ्यापाशी आली. तिचा लूमवरचा मोठा मुलगा गोपाल त्याच भिंतीआड सापडला होता. तो तापाने फणफणला होता, त्याला चालवत नव्हतं.

"उखाभाऊ, कुणी हात लावायला तयार नाही रे," ती म्हणाली.

उखाने एका शब्दानेही तिला नळाची आठवण करून दिली नाही. मंदाने घड एका बाजूला सारले, आनंदाने चादर अंथरली, आणि आम्ही दवाखान्याकडे निघालो. वाटेत गोपाल म्हणाला, "आई, भूक लागली." शोभाबाई क्षणभर थांबली. मग तिने उखापुढे हात केला. उखाने केळं सोलून तिच्या हातावर ठेवलं. अर्धं तिने गोपालला भरवलं, अर्धं स्वतः खाल्लं. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर एकही केळं उरलं नाही.

मित्रांनो, उखाचा आजार गेलेला नाही. कधी त्याला खोकला धरतो, तेव्हा मंदा मला ओढते. भिंतीआडचे सगळे काही वाचले नाहीत. त्यांना वेळेवर कुणी उचललं नाही, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा असं कुणी रस्त्यात पडलेलं दिसेल. तेव्हा तो कोण, कसा, हे मागाहून विचारा. आधी त्याला उचला. लारी लागली, तर उधन्यात कुणालाही विचारा, आमची दाखवतील.